पाटीचा रंग आणि नकाशातला रंग

पंढरपूरहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे, म्हणून पत्रातला मजकूरच तेवढा देते.

"आमच्या ह्यांनी आणि धाकट्या दिरांनी मिळून जागा घेऊन प्लॉट पाडायचा धंदा सुरू करायचं ठरवलं आहे. ऑफिससाठी गाळा घेतला. आता पाटी रंगवायची, पावतीपुस्तकं छापायची, भिंतींवर जाहिराती लिहायच्या. रंग कोणता घ्यावा यावरून घरात रोज वाद. सासूबाई म्हणतात, विठोबाचं गाव आहे, भगवा घ्या. दिरांना काळ्यावर सोनेरी इंग्रजी अक्षरं हवीत, मुंबईच्या बिल्डरांसारखी. ह्यांचा जीव हिरव्यावर. शेवटी सगळे म्हणाले, रंगातलं बायकांना कळतं, तूच ठरव. भागीदारीच्या कागदावर माझंही नाव घातलं आहे, आणि माझ्या पाटल्या गहाण आहेत, म्हणून मलाही काळजी वाटते. जागा एक एकर आहे, नदीच्या अंगाला. यलोत येईल असं सांगतात. तरी कोणता रंग चांगला ते कळवावे."

ताई, रंगाचं सांगतेच. पण तुम्ही शेवटी जाता जाता जे लिहिलंत ना, "नदीच्या अंगाला" आणि "यलोत येईल असं सांगतात", ते मला पाटीपेक्षा मोठं वाटलं. त्याच्याकडे नंतर येते. आधी घरातला वाद मिटवू.

साडीचे चार प्रश्न

रंगातलं बायकांना कळतं, हे घरच्यांचं म्हणणं खोटं नाही. आपण साडी कशी घेतो? दुकानातल्या दिव्याखाली कधी पसंत करत नाही. दाराशी नेऊन उजेडात धरतो. खांद्यावर टाकून आपल्याला शोभते का ते पाहतो. रंग जाईल का, म्हणून विचारतो. आणि जाऊबाईंकडे अगदी अशीच आहे का, हेही आठवून पाहतो. पाटीच्या रंगालाही हेच चार प्रश्न विचारायचे. उलट्या क्रमाने घेऊ या.

पहिला प्रश्न, अशीच आणखी कोणाकडे आहे का? सासूबाईंचा भगवा इथेच अडतो. त्यांची भावना खरी आहे, पण पंढरपुरात भगव्याला काय तोटा? दिंड्यांच्या पताका भगव्या, मठांवरचे झेंडे भगवे. आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री अशा चार वाऱ्यांना तर रस्ताच भगवा होतो. त्यात तुमची पाटी दिसायची कशी? लाल भडक घेतला तर कुंकवाच्या राशींमध्ये ती हरवेल. संध्याकाळी एकदा स्टेशनपासून प्रदक्षिणा मार्गापर्यंत चालत जा आणि बरोबर वही ठेवा. कोणत्या रंगाच्या किती पाट्या दिसतात त्या मोजा. जो रंग कमी दिसेल, तो तुमच्या कामाचा.

आणखी एक गोष्ट हळूच सांगते. आपल्याकडे भगवा, हिरवा, निळा हे रंग आता नुसते रंग राहिले नाहीत. माणूस पाटी पाहतो आणि मनात म्हणतो, हे अमक्यांचं दिसतं. एखादा मग पायरीच चढत नाही. सगळ्यांना मंदिर खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी १९४७ साली तुमच्याच गावात प्राणांतिक उपोषण केलं होतं. त्या गावात घरासाठी जागा विकणाऱ्याच्या पाटीने कुणालाही "हे आपलं नव्हे" असं वाटायला लावू नये. गिऱ्हाइकाच्या दृष्टीनेही ते शहाणपणाचं नाही.

शोभतो का?

दुसरा प्रश्न शोभण्याचा. दिरांना हवा असलेला काळा-सोनेरी वाईट दिसतो असं मी म्हणणार नाही. काळा अशुभ, हे तर पंढरपुरात कोणी म्हणूच नये. तिथे कपाळाला बुक्का लावतात आणि विठोबा स्वतः सावळा. नाव मात्र पांडुरंग, म्हणजे फिकट पांढऱ्या वर्णाचा! पण काळा-सोनेरी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे महागडा फ्लॅट उभा राहतो. तुमच्याकडे येणार कोण? निवृत्त झालेले मास्तर, एसटीतून सुटलेला कंडक्टर, म्हातारपणी विठोबाच्या पायाशी राहावं असं वाटणारी बीड-परभणीची एखादी आजी. ती माणसं त्या पाटीखाली उभी राहतील आणि म्हणतील, आपलं काम नव्हे हे.

इंग्रजी अक्षरांबद्दलही दिरांना सांगा. महाराष्ट्रात २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि लहानमोठ्या सगळ्याच दुकानांना, कार्यालयांना पाटीवर मराठी देवनागरी अक्षरं लावणं सक्तीचं झालं. दुसऱ्या लिपीतली अक्षरं मराठीपेक्षा मोठी चालत नाहीत. तेव्हा मराठी नाव आधी, ठळक. इंग्रजी हवंच असेल तर खाली बारीक.

शोभण्याबाबत एसटीचं उदाहरण पाहा. अक्षरओळख नसलेली बाईसुद्धा लांबून लाल गाडी पाहून हात करते. तिला माहीत असतं, ही आपली, ही नेईल. पण १ जून १९४८ला पुण्याहून नगरला पहिली एसटी निघाली ती लाल नव्हती बरं का, निळी आणि रुपेरी होती! लाल रंग नंतर आला. त्या लाल रंगात मुळात काही जादू नव्हती. वर्षानुवर्षं गाडी आडगावात जात राहिली, मुक्कामाला थांबत राहिली, पहाटे परत निघत राहिली, म्हणून लाल म्हणजे एसटी झालं. तुमच्या पाटीचंही तसंच होईल. पहिल्या दहा माणसांचे व्यवहार चोख झाले की लोक म्हणतील, त्या अमुक रंगाच्या ऑफिसात जा. आणि एकाला जरी फसल्यासारखं झालं, तरी तोच रंग लोकांच्या लक्षात राहील. म्हणून एकदा घेतलेला रंग बदलावा लागू नये, असाच घ्यायचा.

रंग जाईल का?

तिसरा प्रश्न टिकण्याचा. सोलापूर जिल्ह्यातलं ऊन तुम्हाला मी काय सांगावं? चैत्र-वैशाखात पारा चाळिसाच्या वर. त्या उन्हात भडक गुलाबी, नारिंगी, पिवळे रंग लवकर विटतात. जुना फ्लेक्स पाहिलात का? वर्षभरात माणसांचे चेहरे निळसर दिसायला लागतात. छपाईतला पिवळा आणि गुलाबी आधी उडतो आणि निळा मागे राहतो, म्हणून तसं होतं. याउलट गेरू, विटकरी, तपकिरी हे मातीतले रंग. त्यांचा रंग लोहाच्या गंजाचा, आणि गंज उन्हाने आणखी काय विटणार? जुन्या वाड्यांच्या भिंतींवर गेरू अजून दिसतो तो यामुळेच.

पांढरी पाटी स्वच्छ दिसते, पण तिथली काळ्या मातीची धूळ आणि वारीतल्या पावसाचा चिखल तिच्यावर चार दिवसांत बसतो. पांढरा अक्षरांना ठेवा, पाटीची जमीन गडद ठेवा. पुसायलाही सोपं.

उजेडात धरून पाहा

चौथा प्रश्न दिसण्याचा. त्यासाठी घरच्या घरी तीन परीक्षा करा. खर्च काही नाही.

एक. पुठ्ठ्याच्या वीतभर तुकड्यांवर दोन-तीन रंगांच्या जोड्या लावून घ्या. नमुन्याचे लहान डबे दुकानात मिळतात. ते तुकडे गाळ्याच्या दारावर टांगा आणि सकाळी, भर दुपारी आणि रात्री ट्यूबलाइट लागल्यावर, असे तीनदा रस्त्याच्या पलीकडून पाहा. डोळे जरा किलकिले करून पाहिलं की कोणती अक्षरं जमिनीत मिसळतात ते लगेच कळतं.

दोन. त्यावर नाव लिहून झेरॉक्स काढा. तुमच्या धंद्यात जेवढी पाटी महत्त्वाची, तेवढाच कागद. पावती, करार, नकाशा यांच्या झेरॉक्स निघतच राहणार. पांढऱ्यावर पिवळं किंवा फिकट सोनेरी अक्षर झेरॉक्समध्ये गडप होतं. दिरांच्या सोनेरी अक्षरांचं पावतीवर काय होतं ते त्यांना मुद्दाम दाखवा. तोंडाने वाद घालावा लागणार नाही.

तीन. हिरव्यावर लाल किंवा लालवर हिरवं अक्षर लिहिलं असेल तर ती जोडी बादच करा. काही माणसांना लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही, आणि बायकांपेक्षा पुरुषांत हे प्रमाण बरंच जास्त असतं. त्यांना ते अक्षर वाचताच येणार नाही.

आता माझं मत विचाराल तर सांगते, विटकरी आणि पांढरा. विटकरी जमिनीवर पांढरी ठळक अक्षरं, आणि कागदावर मजकुराला नेहमीचा काळा. या दोन-तीन रंगांच्या पलीकडे जाऊ नका. विटकरी उन्हात टिकतो, झेरॉक्समध्ये उतरतो, कोणत्याही पक्षाचा नाही आणि झेंड्यांत हरवत नाही. घर बांधायला वीट लागतेच. आणि सासूबाईंना सांगा, पुंडलिकाने फेकलेल्या विटेवरच तर तुमचा विठोबा उभा आहे! देवाचं चित्र पाटीवर न काढताही पंढरपूर पाटीवर येतं. देवाचं चित्र मात्र धंद्याच्या कागदावर छापू नका. पावत्या, पत्रकं शेवटी रस्त्यावर पडतात, पायदळी येतात. सासूबाईंनाच ते सर्वांत आधी सहन होणार नाही.

पेंटरकडून काम करून घेताना रंगाच्या डब्याचं शेडकार्ड घ्या आणि त्यावरचा नंबर वहीत लिहून ठेवा. छापखान्यातही विटकरी छापताना कोणती शाई किती टक्के घेतली ते विचारून टिपून घ्या. नाहीतर पाटी विटकरी, पावती चॉकलेटी आणि व्हिजिटिंग कार्ड लाल, असा संसार होतो. भिंतीवर जाहिरात लिहायची तर आधी घरमालकाला विचारा आणि रस्त्यावरच्या फलकासाठी नगरपालिकेची परवानगी घ्या. परवानगी नसताना दिसेल त्या भिंतीवर रंग फासणं १९९५च्या कायद्याने गुन्हा आहे.

आता नकाशातले रंग

रंगाचं झालं. आता त्या वाक्याकडे येते.

एकच रंग ठिकाणपरत्वे वेगळं बोलतो. महाराष्ट्रात १९९९पासून पिवळं, केशरी आणि पांढरं अशी तीन रंगांची रेशनकार्डं आली. तेव्हापासून "पिवळं कार्ड" म्हटलं की गरिबाचं घर असं आपण समजतो. शहराच्या विकास आराखड्यात मात्र पिवळा म्हणजे राहण्यासाठी ठेवलेला भाग, जमिनीच्या धंद्यातलं सोनंच. यालाच लोक यलो झोन म्हणतात. आणि हिरवा म्हणजे शेतीसाठी ठेवलेला भाग, जिथे घरांचे प्लॉट पाडायला मोकळीक नाही. तुमच्या यजमानांना हिरवा आवडतो. जाहिरातीत झाडं, हिरवळ छान दिसते. पण नकाशातही जमीन हिरवीच निघाली, तर त्या हिरव्या जाहिरातीची काय शोभा राहील?

म्हणून "यलोत येईल असं सांगतात" यावर जाऊ नका. "येईल" म्हणजे आज नाही. सांगणारा बहुधा दलाल असतो किंवा जमीन विकणारा. त्या गट नंबरचा झोन दाखला आणि भाग नकाशा नगररचनेच्या कार्यालयाकडून रीतसर मागा. सातबारा आणि फेरफार बरोबर असू द्या. हातात शिक्क्याचा कागद येईपर्यंत ती जमीन पिवळी समजायची नाही.

दुसरी गोष्ट नदीची. नकाशावर नदीकाठी आणखी दोन रंगांच्या रेषा असतात, निळी आणि लाल. त्यांना पूररेषा म्हणतात. साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणारा पूर जिथवर पोहोचतो ती निळी, आणि शंभर वर्षांत एकदा येणारा मोठा पूर जिथवर जाईल ती लाल. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये घर बांधायला बंदी. निळी आणि लाल यांच्यामध्ये काही अटींवर बांधता येतं. "नदीच्या अंगाला" असलेली तुमची एक एकर या दोन रेषांच्या कोणत्या बाजूला आहे, हे जलसंपदा विभागाच्या पूररेषेच्या नकाशावर पाहून घ्या.

चंद्रभागा उन्हाळ्यात पाहणाऱ्याला हे सगळं अवाजवी वाटतं. वाळवंटात पोरं खेळत असतात. पण तुम्हाला ठाऊक आहेच, पंढरपुरात पूर यायला पंढरपुरात पाऊस पडावा लागत नाही. वर पुण्याकडे पाऊस झाला, उजनीतून पाणी सोडलं, वीर धरणातून नीरेला पाणी आलं, की इथे पायऱ्या बुडायला लागतात. २०२०च्या ऑक्टोबरात पाणी गावात शिरलं होतं, ते अजून कोणी विसरलेलं नाही. आणि बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला यातलं काही माहीत नसतं. तो वारीला येतो, कोरड्या दिवशी जागा पाहतो, पाटी पाहतो, तुमच्या तोंडाकडे पाहून निवृत्तीचे पैसे देतो. पालखी महामार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी नोव्हेंबर २०२१मध्ये झाली. रस्ते रुंद झाले की असं दुरून येणारं गिऱ्हाईक वाढतंच. त्याच्या नातवाच्या पाळण्याखाली पाणी आलं, तर तो शिव्या विटकरी पाटीलाच देईल.

तुमची सही

शेवटचं, आणि हे खास तुमच्यासाठी. भागीदारीच्या कागदावर तुमचं नाव आहे म्हणता. बऱ्याच घरांत ते "नुसतं नावाला" घालतात. पण १९३२चा भागीदारी कायदा असं काही मानत नाही. फर्मच्या नावाने झालेल्या देण्याला प्रत्येक भागीदार जबाबदार असतो, सगळ्यांबरोबर आणि एकटाही. उद्या कोणी पैसे परत मागायला आला तर "मी फक्त रंग निवडला" हे उत्तर चालणार नाही. तुमच्या पाटल्या तर आधीच गेल्या आहेत त्यात.

जागेच्या धंद्यासाठी २०१६ साली केंद्राचा कायदा आला आणि २०१७पासून महाराष्ट्रात महारेरा काम पाहू लागलं. नियोजन क्षेत्रातली ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जागा प्लॉट पाडून विकायची तर आधी तिथे नोंदणी करावी लागते. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर, म्हणजे पाच गुंठ्यांतच ती मर्यादा संपते. तुमची तर चाळीस गुंठे आहे. नोंदणीच्या आधी जाहिरात करायची नाही, बुकिंगचे पैसे घ्यायचे नाहीत. जाहिरातीवर नोंदणी क्रमांक छापावा लागतो, आणि ऑगस्ट २०२३पासून क्यूआर कोडसुद्धा. नोंदणी न करता विकलं तर प्रकल्पाच्या अंदाजे खर्चाच्या दहा टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. गिऱ्हाइकांकडून आलेल्या पैशांपैकी सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे, ते जमीन आणि कामावरच खर्च करायचे. आणि जाहिरातीत खोटं लिहिलेलं पाहून कोणी पैसे भरले, तर त्याला ते व्याजासह परत मागता येतात.

म्हणजे पाहा, भिंतीवर जाहिरात रंगवायचा प्रश्न आज येतच नाही. क्रमांक हातात नसताना पेंटर बोलावलात, तर क्रमांकासाठी जागा सोडायची कुठे आणि किती, हेही त्याला सांगता येणार नाही.

घरात हे बोलायचं कसं, असं तुम्हाला वाटेल. "रंग तू ठरव" असं त्यांनीच म्हटलंय ना? मग तिथूनच सुरुवात करा. सगळे जेवायला बसले की सांगा, मी विटकरी आणि पांढरा ठरवला आहे, पण जमीन नकाशात पिवळी आहे हा शिक्क्याचा कागद आणि पूररेषेचा नकाशा पाहिल्यावर मी पेंटरला निरोप देईन. यात भांडण नाही, आवाज चढवणं नाही. सासूबाईंना नदीचं सांगा. २०२०चं पाणी त्यांनीही पाहिलं असेल, त्या तुमच्या बाजूने उभ्या राहतील.

जागा निळ्या रेषेच्या आत निघाली किंवा नकाशात हिरवी निघाली, तर हा व्यवहार सोडून द्यायचा हट्ट धरा. विसार बुडेल, चार दिवस तोंडं वाकडी होतील. पण विसार बुडणं स्वस्त. जागा स्वच्छ निघाली तर नोंदणी करा, क्रमांक घ्या, आणि मग एक चांगला दिवस पाहून पाटी लावा. त्या पाटीवर नावाखाली महारेराचा क्रमांक चांगल्या ठळक पांढऱ्या अक्षरांत घाला, रस्त्यापलीकडून वाचता येईल असा. पावतीपुस्तकावर तोच रंग आणि तोच क्रमांक.

आणि हो, शेडकार्डाचा नंबर वहीत लिहायला विसरू नका. त्याच पानावर झोन दाखल्याची तारीख आणि गट नंबरही लिहून ठेवा, आणि ती वही तुमच्या कपाटात राहू द्या.